विजूताईंना बोट लागेल का

विजूताईंना गाडी लागते, ही आमच्या घरात सर्वमान्य गोष्ट होती. लग्न ठरल्यावर उल्हासनं सासरची म्हणून जी माहिती दिली, त्यात ती होती. आईला कच्चा कांदा चालत नाही, वडील, म्हणजे अण्णासाहेब, चारनंतर चहा घेत नाहीत, आणि ताईला गाडी लागते.

विजूताई, म्हणजे विजयालक्ष्मी, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सदतीस वर्षं नोकरी करून अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आधी आईवडिलांबरोबर, नंतर एकट्या राहिल्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आमच्याकडे गाझियाबादला, वैशालीत आल्या. वय सहासष्ट. जन्म दिल्लीतला, आणि समुद्र अजून पाहिलेला नव्हता.

याचं कारणही गाडीच. अण्णासाहेबांचं गाव साताऱ्याकडचं. दर दोन वर्षांनी सगळे गावी जात, पण आगगाडीतून उतरून एस.टी.त बसलं की ताईंची जी अवस्था होई, ती बघून कोकणात उतरायचं कोणी नावच काढत नसे. आगगाडीत त्यांना काही होत नसे. 'आगगाडी वेगळी,' असं सगळे म्हणत. मीही कधी 'वेगळी म्हणजे कशी?' असं विचारलं नाही. एका सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तापमापक तपासण्यात घालवलेल्या बाईला हे शोभत नाही, पण घरातल्या गोष्टी आपण तपासून घेत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी कुमुदताईंचा फोन आला. कुमुदताई लक्ष्मीबाई नगरातल्या समोरच्या ब्लॉकमधल्या, विजूताईंच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीण. त्यांच्या मराठी मंडळातली चौदा माणसं नोव्हेंबरात क्रूझला निघाली होती. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. दोघींची एक केबिन.

फोन स्पीकरवर होता, कारण कुमुदताईंचा फोन नेहमी स्पीकरवरच ऐकावा लागतो.

'विजू, तू नाही म्हणालीस ना, तर मला त्या सुहासिनीबरोबर राहावं लागेल. ती घोरते. आणि घोरत नाही तेव्हा बोलते.'

'मला गाडी लागते, कुमुद. तुला माहीत आहे.'

'अगं, ही गाडी कुठंय? बोट आहे.'

'बोट तर त्याहून लागेल.'

'कोणी सांगितलं? कधी बसलीयेस?'

ताईंनी फोनचा आवाज कमी केला. मग म्हणाल्या, 'विचार करते.' ऑफिसात त्यांच्या टेबलावरून 'विचार करते' म्हणून गेलेली फाइल कधी मंजूर होऊन आली नव्हती, हे कुमुदताईंना माहीत होतं.

'दसऱ्यानंतरच्या मंगळवारपर्यंत कर,' त्या म्हणाल्या. 'त्या दिवशी नावं बंद.'

संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ताई समोर येऊन बसल्या, चार काड्या निवडल्या आणि म्हणाल्या, 'अहिल्या, तू विज्ञानवाली. मला बोट लागेल का?'

त्यांनी हे इतक्या हळू विचारलं, की त्यांना जायचं आहे, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

'माहीत नाही,' मी म्हटलं. 'मोजून बघावं लागेल.'

मी त्यांना जमेल तसं समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. शरीर हलतंय असं तो सांगतो. डोळे मात्र हलत नसलेल्या गोष्टीकडे बघत असले, तर ते म्हणतात, सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात आणि पोटात ढवळायला लागतं. काहींचं शरीर सरावानं शिकतं. तेव्हा आपण थोडं थोडं हलून बघू.

ताईंनी कपाटातून ऑफिसच्या वेळचं एक कोरं रजिस्टर काढलं. त्यावर मी रकाने आखले. तारीख, वाहन, बसण्याची जागा, मिनिटं, आधी काय खाल्लं, हवा, त्रास. त्रास शून्य ते दहा.

'दहा म्हणजे किती?' ताईंनी विचारलं. मोजमापाची व्याख्या आधी ठरवावी, हे त्यांना न शिकवता कळत होतं.

'तुम्हीच ठरवा.'

'दहा म्हणजे धौला कुआँचा चौक. एकोणीसशे चौऱ्याहत्तर.'

उल्हास पेपरातून डोकं वर काढून हसला. 'नवी फियाट, पहिला रविवार. मी शेजारी बसलो होतो. माझी नवी चड्डी होती, यार.'

'तुझ्या चड्डीचं पन्नास वर्षं ऐकतेय मी,' ताई म्हणाल्या.

पहिली नोंद सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्याची. दहा मिनिटं. त्रास शून्य. दुसरी ऑटोची, वैशाली ते आनंद विहार, खड्डे धरून. शून्य. तिसरी मेट्रोची, राजीव चौकापर्यंत, पस्तीस मिनिटं, उभ्यानं. शून्य. ई-रिक्षात मी त्यांना मुद्दाम उलट्या दिशेला तोंड करून बसवलं, तेव्हा दोन. पहिल्या आठवड्यात रजिस्टर बघून मला आनंद झाला नाही, शंका आली. ज्या उपकरणाचं माप नेहमी दहाच्या आसपास येतं म्हणतात, ते शून्य दाखवायला लागलं, तर आधी उपकरण तपासायचं.

'ताई, तुम्ही खरं सांगताय ना?'

'मी सदतीस वर्षं नोंदी लिहिल्यात, अहिल्या.'

अष्टमीला आम्ही घंटाघरच्या बाजूला रामलीलेच्या मेळ्यात गेलो. तिथं होडीसारखा मोठा झोका असतो, दोन्ही टोकांनी आकाशात जाणारा. तिकीट फाडणाऱ्या माणसानं ताईंच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं.

'माताजी, आप रहने दो. बच्चों का है.'

'भैया, हम टेस्ट कर रहे हैं,' ताई म्हणाल्या. 'आप चलाइए.'

त्या टोकाला बसल्या. मी शेजारी, मांडीवर रजिस्टर घेऊन, कारण प्रत्येक झोक्यानंतरचा आकडा तिथल्या तिथं लिहायचा असं मी ठरवलं होतं. चौथ्या झोक्याला माझी पेन्सिल खाली पडली. सहाव्याला मी डोळे मिटले. ताई मात्र दांडी धरून समोर बघत होत्या, जिथं रावणाचा अर्धा बांधलेला पुतळा वर-खाली होत होता, आणि चक्क हसत होत्या.

खाली उतरल्यावर मी एका बाकावर बसले. ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि रजिस्टर उघडून स्वतःच लिहिलं. विजयालक्ष्मी : एक. अहिल्या : सहा.

'बिल्कुल धौला कुआँ नाही,' त्या म्हणाल्या. 'पण त्याच रस्त्यावरच्या मूलचंदपर्यंत पोचलीस.'

दसऱ्यानंतरच्या रविवारी क्रूझला जाणाऱ्यांची बैठक होती. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात एक खोली मिळाली होती. रिकाम्या हातानं जायची आमच्या घरात पद्धत नाही. गावाकडचं कोणी सदनात उतरलं की सासूबाई डबा पाठवत, आणि त्या गेल्यावरही ते सुरू राहिलं. मी पाच लिटर मठ्ठा केला, आलं-मिरची वाटून, कोथिंबीर घालून, आणि स्टीलच्या कॅनमध्ये भरला. उल्हास गाडी चालवायला, मी त्याच्या शेजारी, ताई मागे. ताई बसल्यावर मी कॅन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दार लावलं.

अक्षरधाम येईपर्यंत त्या ठीक होत्या. यमुनेच्या पुलावर त्यांनी बोलणं थांबवलं. मंडी हाउसच्या चौकात उल्हासला गाडी कडेला घ्यावी लागली.

बैठकीत ताई खिडकीपाशी खुर्चीवर, हातात लिंबू धरून बसल्या. प्रवासी कंपनीचा विष्णू नावाचा तरुण माहिती देत होता. ताईंच्या वतीनं मी टिपून घेत होते. बोट कोणासाठी थांबत नाही, म्हणून मुंबईला एक दिवस आधी पोचा. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं, चष्मा, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते, ती चुकवू नका. जेवणाआधी दर वेळी साबणानं हात धुवा, कारण एकाचं पोट बिघडलं की साऱ्या बोटीवर पसरतं.

मध्येच कुमुदताई उभ्या राहिल्या. त्या मागच्या वर्षी मुलाबरोबर सिंगापूरहून क्रूझ करून आलेल्या, त्यामुळे अधिकारी व्यक्ती.

'हे कागदात लिहीत नाहीत, म्हणून सांगते. इमर्शन रॉड नेऊ नका.'

दिल्लीतल्या मराठी बायका प्रवासाला इमर्शन रॉडशिवाय निघत नाहीत. बादलीभर गरम पाणी आपल्या हातात असावं, एवढीच त्यामागची भावना असते.

'माझा त्यांनी चढतानाच काढून घेतला. आगीची भीती. इस्त्री, किटली, काही चालत नाही. आणि उतरताना माझं नाव पुकारून, सगळ्यांसमोर, असा उंच धरून परत दिला. आमचा अविनाश मला ओळखच दाखवेना.' सगळे हसले. 'आणि दुसरं. शेवटच्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आधी बाजूला काढा. मी शहाणीनं सगळं भरलं. सिंगापूरला मी गाऊनवर शाल घेऊन उतरले.'

'आणि बोट लागते त्याचं?' कोणीतरी विचारलं.

विष्णू म्हणाला, 'मधली केबिन घ्या आणि खालचा मजला. तिथं बोट कमी हलते. पोट रिकामं ठेवू नका. बरं वाटेनासं झालं तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. वाचू नका, मोबाइल बघू नका.'

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना काही सुचलं नाही.

परतताना ताईंनी मेट्रो घेतली. घरी आल्या, चेहरा धुतला आणि फोन लावला.

'कुमुद, सुहासिनीचं नाव घाल.'

'अगं पण तो झोका? तू तर म्हणालीस...'

'झोका पाच मिनिटांचा. आज पंधरा किलोमीटरमध्ये माझं काय झालं, तू बघितलंस. चार रात्री तुला माझं डोकं धरून बसवणार नाही मी.' मग त्या म्हणाल्या, 'कापूस घेऊन जा. कानात घालायला.'

त्यांनी रजिस्टरमध्ये शेवटची नोंद केली. कार, मागची सीट, पन्नास मिनिटं, पोहे, हवा स्वच्छ. त्रास आठ. खाली एक रेघ मारली आणि रजिस्टर जिथून काढलं होतं तिथं ठेवून दिलं. उल्हासलाही वाटत होतं तिनं जावं.

मी रिकामा कॅन धुवायला घेतला. त्याचं झाकण सैल आहे, हे मला माहीत होतं. मठ्ठा काठापासून दोन बोटांवर भरला होता. बाहेरून कॅन कोरडा होता. ताईंची साडीही कोरडी होती. पंधरा किलोमीटर, सोळा सिग्नल, उल्हासचं ब्रेक मारणं, आणि मंडी हाउसला त्या स्वतः दाराबाहेर वाकलेल्या. तरी थेंब सांडला नव्हता. हे कसं शक्य आहे? एकाच रीतीनं शक्य आहे. सगळा वेळ कॅनकडे बघत बसलं तर.

मी नळ बंद केला. रजिस्टर काढून पुन्हा सगळ्या नोंदी वाचल्या. झोपाळा, ऑटो, मेट्रो. प्रत्येक वेळी ताईंचे हात मोकळे होते. मेळ्यात रजिस्टर माझ्या हातात होतं. रकाने आखताना मी हवा लिहिली, पोहे लिहिले. हातात काय आहे, हे विचारलं नाही.

ताई त्यांच्या खोलीत पडल्या होत्या. मी दारातूनच विचारलं, 'ताई, चौऱ्याहत्तर साली, धौला कुआँला, तुमच्या मांडीवर काय होतं?'

'आमटी,' त्या डोळे न उघडता म्हणाल्या. 'पितळेच्या डब्यात. कँटोन्मेंटात हिंमतरावमामा होते, सुभेदार. त्यांना कटाची आमटी आवडायची.'

'सांडली?'

'आमटी नाही सांडली.'

'आणि गावाकडे, एस.टी.त?'

'एस.टी.त कसली आमटी?' त्यांनी आठवून बघितलं. 'एस.टी.त उल्हास असायचा मांडीवर. दोन वर्षांचा.' मग डोळे उघडले. 'तोही सांडायचा.'

'आणि आगगाडीत?'

'आगगाडीत डबे बाकाखाली असतात, अहिल्या.'

मग त्या उठून बसल्या. मी काही समजावायची गरज उरली नव्हती. समजूतदार माणसासमोर आकडे नीट मांडले की पुरतं.

'तुम्ही न सांडणाऱ्या आहात, म्हणून सगळे तुमच्याकडेच देत आले,' मी म्हटलं. 'मीही. आज सकाळी मीच ठेवला. बत्तीस वर्षं ठेवतेय.'

'तू ठेवला नसतास, तर मीच मागून घेतला असता,' ताई म्हणाल्या. 'दुसऱ्या कोणाकडे दिला की माझा जीव टांगणीला.'

सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पुन्हा निघालो. तीच गाडी, तीच मागची सीट, तोच रस्ता, उल्हासच चालवणारा. नाश्त्याला पोहे. फक्त मांडीवर काही नाही. ताईंना हातांचं काय करावं ते कळेना. आधी त्यांनी पदर धरला, मग पर्स घेतली. मी पर्स काढून घेतली. यमुनेच्या पुलावर त्यांनी बाहेर बघितलं.

'इथं एवढं पाणी असतं?' त्या म्हणाल्या. 'सहा वर्षं झाली मला गाझियाबादला येऊन.'

कोपर्निकस मार्गाला त्रास दोन. परतताना मी त्यांना पुढे बसवलं. त्रास शून्य.

'आता एकच राहिलं,' मी घरी आल्यावर म्हटलं. 'कॅनमध्ये पाणी भरून, मागच्या सीटवर, पुन्हा एकदा. म्हणजे खात्री होईल.'

'नको,' ताई म्हणाल्या. 'तो प्रयोग मी पन्नास वर्षं केलाय.'

मंगळवारी त्यांनी कुमुदताईंना फोन केला. बाल्कनीवरून दहा मिनिटं भांडण झालं. कुमुदताईंना बाल्कनी हवी होती, आणि बाल्कनीच्या उरलेल्या केबिनी वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला होत्या.

'चलो, तुझ्यासाठी मधली घेते, खालच्या मजल्यावरची,' शेवटी त्या म्हणाल्या. 'पण मग खिडकीजवळची खाट माझी.'

'तुझीच.'

'आणि विजू, रॉड...'

'नाही आणत गं!'

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी निजामुद्दीन स्टेशनला जायचं होतं. आगगाडीतल्या जेवणासाठी मंडळातल्या प्रत्येकानं काहीतरी आणायचं ठरलं होतं, आणि आमच्याकडून मठ्ठ्याचीच फर्माईश होती. निघताना दारात ताईंनी जागा ठरवल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

'अहिल्या, गाडी तू चालव. मी पुढे.'

'आणि मी?' उल्हास म्हणाला.

'तू मागे.'

कॅन जिन्याच्या पायरीवर होता. क्षणभर आम्ही तिघांनी त्याच्याकडे बघितलं. ताईंचा हात सवयीनं पुढे झाला. मी किल्ली शोधायचं नाटक केलं. उल्हासनं पुढे होऊन कॅन उचलला आणि मागे बसून मांडीवर ठेवला.

'अच्छा, काय मोठंसं त्यात,' तो म्हणाला.

अक्षरधामपर्यंत त्यानं क्रूझवर काय काय खावं, यावर ताईंना सल्ले दिले. पुलावर तो गप्प झाला. आरशात मला त्याचं डोकं खाली झुकलेलं दिसलं, दोन्ही हात कॅनला घट्ट. सराय काले खाँच्या वळणावर तो बारीक आवाजात म्हणाला, 'अहिल्या, काच जरा खाली घे.'

ताई समोर रस्त्याकडेच बघत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, 'उल्हास, कॅनकडे बघू नकोस. समोर बघ.'

'सांडेल, ताई.'

'सांडलं तर सांडू दे.'

पाव लिटरभर सांडला. पुढे पंधरा दिवस गाडीला आल्या-मिरचीचा वास येत होता.

रविवारी बोट निघाली. सोमवारी दिवसभर काही निरोप नव्हता, कारण समुद्रात नेटवर्क नसतं, हे विष्णूनं सांगितलं होतं. तरी उल्हास चार वेळा विचारून गेला, 'काही आलं?' मंगळवारी दुपारी बेटाजवळ पोचल्यावर माझ्या फोनवर एक फोटो आला. समुद्राचा असेल म्हणून मी घाईनं उघडला. रजिस्टरच्या पानाचा होता. ताईंनी ते बरोबर नेलं होतं, आणि शेवटच्या नोंदीखालच्या त्या रेघेच्याही खाली, ठळक सरकारी अक्षरात लिहिलं होतं :

'वाहन : बोट. जागा : डेक, मधोमध, रेलिंगपाशी. मिनिटं : मोजली नाहीत. आधी काय खाल्लं : इडली, कुमुदच्या ताटातलीही. हवा : दुपारपर्यंत वारा, नंतर शांत. त्रास : तीन, नंतर शून्य.'

आणि माझ्या रकान्यांच्या पलीकडे, समासात पट्टीनं एक नवा रकाना आखला होता.

'हातात काय : काही नाही.'